कृपया उत्तर देऊ नये

दुपारी एकला तीन मिनिटं कमी असताना तिने तीन वर्षांच्या लेकीच्या, टिल्लीच्या हातातून कात्री काढून घेतली, दुधाखालचा गॅस बंद केला, खिडकीची कडी लागली आहे ना ते दुसऱ्यांदा पाहिलं आणि कॉम्प्युटरसमोर येऊन बसली. बसल्यावर तिला वाटलं, गॅस खरंच बंद केला का? ती उठली. केला होता. परत येऊन बसली तेव्हा एकच मिनिट उरलं होतं. बरोबर एकला शिव्या सुरू होणार होत्या.

शिव्या तिला नव्हत्या, कंपनीला होत्या. पण त्या वाचायला कंपनीने तिला ठेवलं होतं. कंपनी मोबाइलवरचे खेळ बनवत असे. त्यातला सगळ्यात चालणारा खेळ म्हणजे ‘किनारा’. समुद्राकाठी एक ओसाड तुकडा मिळे, तिथे खेळाडूने एकेक दगड रचून गाव वसवायचं. घरं, पूल, धक्का, होड्या आणि दोन-तीन वर्षं चिकाटी धरली तर दीपस्तंभ. बारा दिवसांपूर्वी कंपनीने खेळाची नवी आवृत्ती आणली आणि ती उघडताच हजारो लोकांची गावं नाहीशी झाली. नुसता समुद्र उरला. लोकांनी विचारलं, आमची गावं गेली कुठे? कंपनीने खुलासा केला की नियमावलीच्या एकोणचाळिसाव्या कलमानुसार ती गावं तुमची कधी नव्हतीच.

मग बहिष्कार पुकारला गेला. पुकारणाऱ्याचं खेळातलं नाव होतं ‘गंजका खिळा’. खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याचं फर्मान असं की, खेळाला कोणी हात लावायचा नाही आणि रोज दुपारी एकच्या ठोक्याला सगळ्यांनी मिळून तक्रार पाठवायची. त्यामुळे एक वाजता तिच्या पडद्यावर तक्रारींचा असा लोंढा येई की कॉम्प्युटरचा पंखासुद्धा दम लागल्यासारखा वाजू लागे.

उत्तर द्यायला कंपनीने पन्नास तयार उत्तरं दिली होती. कॉम्प्युटरच्या कुठल्याही खिडकीत क्रमांक टाइप केला की वाक्य आपोआप उमटे. आठ म्हणजे ‘दिलगीर आहोत’. एकोणीस म्हणजे ‘अत्यंत दिलगीर आहोत’. बारा म्हणजे, ‘आपल्या तक्रारीची आम्ही गांभीर्याने नोंद घेतली आहे. आपण आमच्यासाठी मोलाचे आहात. हा संदेश आपोआप पाठवला गेला आहे, कृपया त्यास उत्तर देऊ नये.’ एका तक्रारीला नव्वद सेकंद मिळत. चार वर्षांत तिने स्वतःचं म्हणून एक वाक्य कुणाला लिहिलं नव्हतं. तशी सोयच नव्हती.

मात्र यादीत पन्नासच्या पुढे जागा मोकळी होती आणि तिथे तिने गुपचूप एक उत्तर स्वतःचं भरून ठेवलं होतं. क्रमांक एकावन्न: ‘औषध घेतलं का? आधी काहीतरी खा, उपाशीपोटी घेऊ नका. काही वाटलं तर लगेच सांगा, मी आहे.’

हे बाबांसाठी होतं. बाबा दोन तासांच्या अंतरावरच्या गावात एकटे राहत. वजनमाप खात्यात निरीक्षक होते. उभा जन्म दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेला. आई गेल्यापासून त्यांच्या रक्तदाबाची जबाबदारी तिच्याकडे आली होती. रोज एक वाजून दहा मिनिटांनी ती शेजारच्या खिडकीत बाबांचं संभाषण उघडी, एकावन्न टाइप करी आणि पलीकडून मिनिटभरात उत्तर येई, ‘हो, घेतलं.’ ते दोन शब्द आले की तिचा जीव भांड्यात पडे, दुसऱ्या दिवशी एक वाजून दहा मिनिटांपर्यंत.

सुरुवातीला त्या वाक्याच्या आधी ‘बाबा,’ असं होतं. पुढे नवऱ्याला पित्तावरचं औषध सुरू झालं, तेव्हा तेच वाक्य दोघांना चालावं म्हणून तिने ‘बाबा’ काढून टाकलं.

नवरा बहिष्कारात होता, ही या घराची आणखी एक पंचाईत. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचं काम करी. ‘किनारा’वर त्याचं चार वर्षांचं गाव होतं. त्यात एकशे सहा घरं होती, दीपस्तंभ होता आणि टिल्ली जन्मली त्या दिवशी बांधलेली एक पिवळी होडी होती. ते गाव गेलं त्या दिवशी तो जेवला नाही.

“उद्यापासून मी तुझ्या कंपनीवर बहिष्कार घालतोय,” असं त्याने तेव्हाच जाहीर केलं होतं.

“माझी कंपनी म्हणजे? माझ्या वडिलांनी काढलीय का ती?”

“तू त्यांची बाजू घेऊ नकोस.”

“बाजू कुठे घेतेय? तू आत्ता खातोयस तो घास त्याच कंपनीचा आहे, एवढंच म्हणतेय.”

त्याने घासाकडे पाहिलं, तो ताटात परत ठेवावा की काय असा विचार केला आणि शेवटी गिळला. “हा तुझ्या कष्टाचा आहे,” तो म्हणाला. “कंपनीचा नाही. फरक असतो.”

“आणि बहिष्काराने काय होणार? कंपनी बुडाली तर पहिली मी बुडेन. मालक नाही बुडणार.”

“मग लोकांनी काय करायचं? लाथ खायची आणि परत त्याच दारात जायचं?”

 तिने एक ते पन्नास सगळी तयार उत्तरं आठवून पाहिली, एकही लागू पडेना.

तिची खरी अडचण वेगळीच होती आणि ती तिने कुणाला सांगितली नव्हती. बहिष्कारामुळे घर सुधारलं होतं. नवरा दुकानातून आला की पूर्वी कोपऱ्यात मान खाली घालून बसे. आता त्याचे अंगठे रिकामे असत आणि त्या रिकाम्या अंगठ्यांना काम हवं म्हणून तो टॉवेलच्या घड्या घाली, टिल्लीला आंघोळ घाली, गळका नळ उघडून बसे. म्हणजे बहिष्कार जिंकला तर नोकरी जाणार होती आणि हरला तर नवरा. ती दिवसा कंपनीसाठी प्रार्थना करी आणि संध्याकाळी गंजक्या खिळ्यासाठी.

तर, एक वाजला. लोंढा आला. सहा हजार चारशे बारा तक्रारी. टीम लीडर हेडफोनमधून म्हणाला, “मॅडम, एकेकाला उत्तर देत बसू नका. सगळे निवडा आणि सगळ्यांना बारा नंबर मारा. वरून ऑर्डर आहे.”

टीम लीडर तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान होता आणि तिला कधी भेटला नव्हता. तिने सगळे निवडले. चौकटीत कर्सर लुकलुकू लागला. बाजूच्या खिडकीत बाबांचं संभाषण उघडं होतं. एक वाजून आठ मिनिटं झाली होती. त्याच वेळी टिल्ली खुर्चीवर चढून तिच्या मांडीत आली आणि दोन्ही तळव्यांनी कळफलकावर थापा मारल्या. खिडक्यांची जागा बदलली. एरवी हे तिच्या लक्षात आलं असतं, कारण तिच्या नजरेतून सहसा काही सुटत नसे. पण टिल्लीचा एक गाल फुगलेला दिसला आणि जगातलं बाकी सगळं दिसेनासं झालं.

“तोंडात काय आहे? आ कर. आ!”

टिल्लीने ओठ गच्च मिटले. डाव्या हाताचं बोट मुलीच्या तोंडात, डोळे मुलीच्या घशावर, आणि उजवा हात चार वर्षांच्या सवयीने एकटाच काम करू लागला. बारा, पाठवा. दुसरी खिडकी. एकावन्न, पाठवा. तोंडातून शर्टाचं बटण निघालं. निळं, चार भोकांचं. तिने ते उजेडात धरून पाहिलं, भोकं मोजली, तुकडा पडलेला नाही याची खात्री केली आणि मग घरातल्या सगळ्या शर्टांची बटणं तपासायला उठली.

फोन वाजला तेव्हा ती तिसऱ्या शर्टावर होती.

“अगं,” नवरा दुकानातून कुजबुजत होता, “तुझ्या कंपनीने मला विचारलंय, औषध घेतलं का.”

“काय?”

“आधी काहीतरी खा, उपाशीपोटी घेऊ नका. मी आहे. हे तुझं वाक्य आहे. तू मला रोज पाठवतेस ते.”

ती धावत कॉम्प्युटरकडे गेली. सहा हजार चारशे बारा खेळाडूंना औषध विचारून झालं होतं.

“हॅलो? म्हणजे तू मला आजवर क्रमांकाने विचारत होतीस?” नवऱ्याच्या आवाजात गाव गेलं त्या दिवशीचा सूर होता. “मी दुकानात सगळ्यांना दाखवायचो. म्हणायचो, कितीही कामात असली तरी बायको विसरत नाही.”

“नंतर बोलू,” ती म्हणाली, कारण तिची नजर दुसऱ्या खिडकीवर गेली होती. तिथे बाबांना कळवण्यात आलं होतं की ते तिच्यासाठी मोलाचे आहेत आणि त्यांनी कृपया उत्तर देऊ नये. खाली दोन निळ्या खुणा होत्या. बाबांनी ते वाचलं होतं.

तिने घाईघाईने लिहिलं, ‘बाबा चुकून गेलं.’ वाचलं गेलं. उत्तर नाही. ‘बाबा औषध?’ वाचलं गेलं. उत्तर नाही. फोन लावला तर दोनदा वाजून बंद झाला. बंद झाला नव्हता, बंद केला होता. त्यातला फरक तिला कळत होता.

इथे बाबांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाबा बहिष्कारात मुरलेले होते. पूर्वी एकदा कोपऱ्यावरचा बेकरीवाला त्यांना म्हणाला, “घ्यायचं तर घ्या, नाहीतर पुढे चला.” बाबा पुढे चालले. एकोणीस वर्षं पुढेच चालत राहिले. दीड किलोमीटरवरच्या दुसऱ्या बेकरीतून शिळा ब्रेड आणत, पण त्या दाराकडे मान वळवली नाही. बहिष्कार सुटला तो बेकरीवाला वारला तेव्हा, आणि तोही बेकरीवाल्याच्या बाजूने. पुढे पंख्याची कंपनी, टपाल कचेरीतली तीन नंबरची खिडकी, आईचा सख्खा मामा. बाबा भांडत नसत. बाबा फक्त जायचे थांबत.

तिने बाबांच्या शेजारणीला फोन लावला. त्या निवृत्त शिक्षिका होत्या आणि त्यांच्याकडे जादा किल्ली असे.

“अगं ठणठणीत आहेत,” शिक्षिका काकू म्हणाल्या. “गॅलरीत बसलेत. मी म्हटलं, मुलीचा फोन घ्या. तर म्हणाले, उत्तर देऊ नये असं लेखी आलंय.”

“काकू, ते चुकून गेलं हो!”

“मी तसंही सांगितलं. तर म्हणाले, तराजू चुकून हलका भरत नसतो.”

तेवढ्यात हेडफोनमधून टीम लीडर किंचाळला. “मॅडम! हे काय पाठवलंत? एकावन्न नंबर कुठून आला? आपल्याकडे पन्नासच आहेत! वरचे लोक विचारतायत, कंपनी औषधं कधीपासून विकायला लागली!” त्याचा आवाज रडवेला होता. “माझी नोकरी जाणार. तुमची तर गेलीच समजा.”

ती खुर्चीत बसून राहिली. मांडीवर टिल्ली, टेबलावर निळं बटण. दीड वाजता पहिली उत्तरं येऊ लागली आणि तिने डोळे अर्धवट मिटून ती उघडली.

‘नाही घेतलं. घेतो.’

‘कुठलं औषध? पण विचारल्याबद्दल आभारी आहे.’

‘सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. आता अंडं उकडतोय.’

‘हे माणसाने लिहिलंय का? खरं सांगा.’

‘आईला सांगू नका, पण दोन महिने घेत नाहीये. आजपासून घेईन.’

अशी शेकड्यांनी उत्तरं आली. तीन वाजता गंजक्या खिळ्याने सगळ्या बहिष्कारवाल्यांसाठी जाहीर निवेदन काढलं: ‘बारा दिवस आपण यांना शिव्या घालतोय. आज त्यांनी विचारलं, जेवलास का. मला हे गेल्या वर्षात कोणीही विचारलेलं नाही. मी आज थोडा वेळ खेळणार आहे. ज्याला जे वाटेल ते त्याने करावं.’ आणि पाच वाजेपर्यंत बहिष्कार विरघळला. सहा हजार माणसं ओसाड किनाऱ्यावर परतली आणि मुकाट्याने पहिला दगड रचू लागली. गावं कुणालाच परत मिळाली नव्हती. ते मागायचं राहूनच गेलं.

“मॅडम!” टीम लीडर पुन्हा आला, आता दुसऱ्याच आवाजात. “वरचे लोक खूश आहेत! विचारतायत, ही कल्पना कोणाची? मी सांगितलं, टीमची. एकावन्न नंबर आता ऑफिशियल. उद्यापासून सगळ्या शाखांना.”

“ते माझ्या वडिलांचं आहे,” ती म्हणाली.

“वा! त्यांनाही धन्यवाद सांगा.”

संध्याकाळी नवरा आला तो चपला न काढताच दारात उभा राहिला. “एवढ्यावर फुटले? पुलाचा एक दगडसुद्धा न मिळता?” मग त्याने टॉवेल घेतला आणि रागारागाने त्याची अतिशय नीट घडी घातली. “मी नाही परत जाणार. एकटा राहिलो तरी चालेल.”

“कोणी विचारलं का तुला, परत ये म्हणून?”

“विचारलं ना. क्रमांक एकावन्नने.”

त्या रात्री दोघं एकमेकांशी जपून बोलली. पित्ताचं औषध त्याने न विचारता घेतलं आणि रिकामं पाकीट तिला दिसेल असं ठेवलं.

पुढचे दोन दिवस एक वाजून दहा मिनिटांनी बाबांकडून काही आलं नाही. ती जेवायची, पण उभ्यानेच, एक घास पडद्यासमोर आणि एक टिल्लीमागे धावत. काकूंना दिवसातून चार फोन होत. चौथ्या वेळी काकू म्हणाल्या, “अगं, मी सारखी काय कारण काढून जाऊ? आज साखर मागायला तीनदा गेले. त्यांना वाटतंय, मला साखरेचा आजार जडलाय.”

रविवारी ती नवऱ्याला आणि टिल्लीला घेऊन निघाली. वाटेत तिने बोलण्याची तयारी केली आणि मध्येच थबकली, कारण मनात वाक्यं येत होती तीसुद्धा क्रमांकाने येत होती. दिलगीर आहोत. अत्यंत दिलगीर आहोत.

बाबांनी दार उघडलं. “या जावईबापू,” ते म्हणाले. टिल्लीला त्यांनी कडेवर घेतलं. मग आपल्या मुलीकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे सरकवली, जशी अनोळखी माणसासाठी सरकवतात.

टेबलावर हिरव्या पुठ्ठ्याची फाइल होती. ती तिला लहानपणापासून माहीत होती. वर बाबांच्या अक्षरात ‘तक्रारी’ असं लिहिलेलं. पंख्याच्या कंपनीची पत्रं, टपाल कचेरीच्या पोचपावत्या. सगळ्यात वर एक नवा करकरीत कागद होता; त्यावर बाबांनी तिचा संदेश हाताने उतरवून घेतला होता, तारीख आणि वेळ घालून. ‘आपण आमच्यासाठी मोलाचे आहात.’

“बाबा, हे काय! मुलगी मांडीत होती, तिने खिडक्या बदलल्या. चुकून गेलं.”

“ते मला समजलं,” बाबा म्हणाले. “पण ते चुकून आलं म्हणून दुसरं कळलं. रोजचं जे यायचं, तेही असंच यायचं ना?”

तिने फाइलचा हिरवा पुठ्ठा मिटून ठेवला.

“एकशे चोवीस वेळा तेच वाक्य. स्वल्पविराम त्याच जागी. मला वाटायचं, मुलगी घाईत आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. पहिल्यांदा ‘बाबा’ असायचं. मधूनच ते गेलं. मी म्हटलं, असेल काही.” त्यांनी टिल्लीच्या मुठीतून पेनाचं टोपण काढून घेतलं, तिच्या आईइतक्याच सफाईने. “शिक्का मारलेलं वजन आतून पोकळ असलं तर हातात घेतल्यावर कळतं. मी मात्र मुलीचं म्हणून हातात घेऊन पाहिलंच नाही.”

नवऱ्याने घसा खाकरला. “मलाही तेच वाक्य यायचं, बाबा.”

“तुम्हालाही?” बाबांनी त्याच्याकडे प्रथमच आपुलकीने पाहिलं. “मग तुम्ही काय केलंत?”

“मी आधीपासूनच बहिष्कारात होतो.”

“छान.”

“छान काय!” तिचा बांध फुटला. “तुम्ही दोघं बहिष्कार घाला. जो उठतो तो बहिष्कार घालतो! बाबा, तुम्ही एकोणीस वर्षं त्या बेकरीत गेला नाहीत. त्याला कळलं तरी का?”

बाबांनी विचार केला. ते खोटं बोलत नसत, म्हणून वेळ लागला. “नाही कळलं,” ते म्हणाले. “मलाच एकोणीस वर्षं शिळा ब्रेड खावा लागला.”

“मग कशाला?”

“भांडायला समोर माणूस लागतो. समोर माणूस नाही असं वाटलं की मी जायचं थांबतो. त्याने कोणी सुधारत नाही. पण पुन्हा तिथेच गेलो असतो, तर मला आरशात तोंड बघायला आवडलं नसतं.”

नवरा इतक्या जोरात मान हलवत होता की टिल्लीही हलवू लागली.

ती डोळे पुसत म्हणाली, “पण बाबा, तुम्ही तर रोज उत्तर द्यायचात. ‘हो, घेतलं.’ मिनिटाच्या आत. त्या दोन शब्दांवर माझा दिवस जायचा.”

आता बाबा गॅलरीकडे पाहू लागले.

“ते मी लिहीत नव्हतो,” ते म्हणाले. “तुझा संदेश आला की फोनच खाली उत्तर तयार करून दाखवतो. ‘हो, घेतलं.’ त्यावर नुसतं बोट ठेवायचं.”

 मग ती हळूच उठली आणि कपाटाचा वरचा खण उघडला. औषधाची पाकिटं नीट रचून ठेवली होती. तिने मोजली. दोन महिन्यांपूर्वी संपायला हवी होती ती पाकिटं अजून अर्धी भरलेली होती.

“बाबा, औषध घेत होतात ना?”

“बहुतेक,” उभा जन्म अचूक मापात घालवलेले बाबा म्हणाले.

तिने डोकं कपाटाच्या दाराला टेकवलं. चार महिने तिचं वाक्य त्यांच्या फोनशी बोलत होतं आणि त्यांचा फोन तिच्या वाक्याशी. दोघांचं छान जमलं होतं. मधे माणूस कोणी नव्हताच.

परतताना बाबा जिन्यापर्यंत आले. तहाचं बोलणं झालं नव्हतं. तिने दोनदा विचारलं आणि बाबांनी दोनदा, “बघू,” म्हटलं. मात्र त्यांनी जावयाला बाजूला घेतलं. “जावईबापू, त्या कंपनीत तक्रार करायची तर कुठे करतात? गाव नसलं तरी चालतं का?”

“चालतं,” नवरा म्हणाला. “आता तर कुणाचंच नाहीये.” आणि बाबांच्या फोनमध्ये त्याने ते पान उघडून दिलं.

“माझी नात सांगत होती, आई उभ्याने जेवते,” बाबा स्वतःशीच म्हणाले.

सोमवारी एक वाजता लोंढा आला नाही. बहिष्कार संपला होता. तुरळक तक्रारी येत होत्या आणि पडद्यावर प्रत्येकीखाली कॉम्प्युटरच हिरव्या चौकटीत सुचवत होता, ‘क्रमांक ५१ पाठवा’. ती पाठवत होती. कुणीतरी तिकडे अंडं उकडत असेल, असं स्वतःला सांगत होती. डबा बाजूला बंदच होता. टिल्ली टेबलाखाली बसून चमचा आपटत होती.

एक वाजून दहा मिनिटांनी नवी तक्रार आली. तक्रारदार: ‘जुना निरीक्षक’.

‘महोदय, आपल्या कार्यालयात माझी मुलगी कामास आहे. दुपारी एक ते दीड या वेळात ती बसून जेवत नाही, असे विश्वसनीय साक्षीदाराकडून समजते. तरी चौकशी व्हावी. मी औषध घेतले आहे. आधी खाल्ले होते. तयार उत्तर पाठवल्यास ते स्वीकारले जाणार नाही.’

कोपऱ्यातलं घड्याळ नव्वदवरून खाली येऊ लागलं. खाली हिरवी चौकट उमटली, ‘क्रमांक ५१ पाठवा’. तिने ती बंद केली. मग कर्सरकडे पाहत राहिली. चार वर्षांत त्या चौकटीत हाताने काही लिहिलं नव्हतं. अक्षरं कुठून सुरू करायची तेच कळेना. सत्तर. पन्नास. एक वाक्य लिहिलं, खोडलं. वीस. शून्य झालं आणि घड्याळ तांबडं होऊन उलटं मोजू लागलं. शेवटी तिने लिहिलं, ‘बाबा, डबा उघडतेय. खाली बसलेय. तुमच्या साक्षीदाराने चमचा पळवलाय, म्हणून हाताने खाते.’

पाठवल्यावर कॉम्प्युटरने विचारलं, ‘हे उत्तर पुढच्या वापरासाठी यादीत ठेवायचे का?’

तिने ‘नाही’ दाबलं आणि डबा घेऊन टिल्लीशेजारी जमिनीवर जाऊन बसली.

चार मिनिटांनी वर टेबलावर टिंग झालं. ग्राहकाने सेवेला तारे दिले होते. पाचपैकी दोन. शेरा: ‘विलंबाने प्राप्त. पण माप बरोबर.’

लगेच हेडफोन खरखरला. तो टेबलाच्या कडेवरून लोंबकळत होता आणि टीम लीडरचा आवाज तिला खालीही ऐकू येत होता. “मॅडम, दोन तारे? तुमची सरासरी खाली आली! कोण आहे हा जुना निरीक्षक? खवट दिसतोय म्हातारा. ताबडतोब त्याला एकावन्न मारा, सगळे विरघळतात त्याने. मॅडम? मॅडम, ऐकताय ना? उत्तर द्या!”

तिच्या तोंडात घास होता.